शाळेतल्या गाण्याच्या बाईंचं जूनमध्ये काय? हार्मोनियमच्या कपाटाची चावी कुणाकडे राहणार

तळेगाव ढमढेरे : परीक्षा संपत आल्या, निकालपत्रकं लिहायला घेतली. स्नेहसंमेलन जानेवारीतच उरकलं. आता १ मेला झेंडावंदन, राज्यगीत, निकाल आणि मग सुट्टी. शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या बहुतेक शाळांचं वर्ष असंच संपतं. कार्यालयात जड वह्या बांधल्या जातात, शिल्लक तांदळाचा हिशेब होतो, संगणक झाकले जातात. हार्मोनियम आणि ढोलकी कपाटात जाते.

ते कपाट जूनमध्ये कोण उघडणार, हे मात्र बऱ्याच शाळांत कुणालाच माहीत नसतं.

गणिताचे शिक्षक जूनमध्ये असणार की नाही, याची चिंता पालक करतात. गाणं शिकवणाऱ्याची कुणी करत नाही. पण १५ ऑगस्टला पोरं बेसूर गायली की सगळं गाव म्हणतं, "यंदा शाळेचं काही खरं नाही." ही वेळ येते ती ऑगस्टमधल्या चुकीमुळे नाही. ती एप्रिलमध्ये न केलेल्या कामामुळे येते. म्हणून शाळेतलं समूहगीत, ते बसवणारी माणसं आणि त्यांची दरवर्षीची नेमणूक हा विषय सुट्टी लागण्याआधी समजून घेतला पाहिजे.

कायद्यात गाणं आहे, शाळेत माणूस नाही

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय हवं याची यादी आहे. सहावी ते आठवीच्या शाळेत १०० पेक्षा जास्त मुलं असतील, तर तिथे पूर्णवेळ मुख्याध्यापक हवा आणि तीन विषयांचे अंशकालीन निदेशक हवेत. हे तीन विषय म्हणजे कला शिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण. गाणं यातल्या कला शिक्षणात येतं. चित्रकलाही त्यातच आणि नाटकही त्यातच.

म्हणजे कायद्याने गाण्याला नाकारलेलं नाही. पण तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण पटाची. आपल्याकडे वाड्यावस्त्यांवरच्या शाळा चौथीपर्यंत किंवा पाचवीपर्यंत. पट वीस, तीस, चाळीस. त्यांना हा नियम लागूच होत नाही. तिथे दोन शिक्षकांनी सगळे वर्ग आणि सगळे विषय सांभाळायचे. त्यातल्या एखाद्याचा गळा बरा असला तर मुलांचं नशीब.

दुसरी अडचण अशी, की कला शिक्षणाचा निदेशक एकच. तो चित्रकलेचा असला तर गाणं राहिलं आणि गाण्याचा असला तर चित्रकला राहिली. शाळेला चित्रकलेचा माणूस सोयीचा वाटतो. कारण एलिमेंटरी, इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा असतात, भिंती रंगवायच्या असतात, फलकलेखन असतं. गाण्याची आठवण कार्यक्रम आला की होते.

तिसरी अडचण पैशाची. ऑक्टोबर २०१५ मध्ये राज्य शासनानं अतिथी निदेशकांबद्दल निर्णय काढला. त्यात मानधन होतं तासिकेला ५० रुपये. याचा साधा हिशेब बघा. कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीच्या शाळेला वर्षाला २२० दिवस काम करायचं आहे, म्हणजे साधारण ३६ आठवडे. आठवड्याला चार तासिका धरल्या तर वर्षाच्या होतात १४४. गुणिले ५०, म्हणजे ७,२०० रुपये. महिन्याचे नाहीत, अख्ख्या वर्षाचे. शिक्रापूरवरून किंवा न्हावऱ्यावरून गाडीवर येणाऱ्या माणसाचं यात पेट्रोलही भागत नाही.

तुलनेला दुसरी गोष्ट बघा. वर्गशिक्षकांच्या जागा रिकाम्या पडल्या तेव्हा शासनानं २०२३ मध्ये निवृत्त शिक्षकांना महिना २० हजार रुपयांवर कंत्राटी पद्धतीनं घ्यायचं ठरवलं. तिथे गरज मान्य झाली, म्हणून आकडाही जरा बरा आला. गाण्याची गरज कागदावर मान्य आहे, आकड्यात नाही.

गाणं शिकवतं तरी कोण?

गावोगावच्या शाळा पाहिल्या तर तीन तऱ्हेची माणसं दिसतात.

एक म्हणजे हौशी वर्गशिक्षक. गुरुजी किंवा बाई स्वतः पेटी वाजवतात, परिपाठ सुरात घेतात, स्पर्धेला मुलं नेतात. अशा शाळेचं गावात नाव होतं. पण जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या आता ऑनलाइन होतात. त्यात सेवेची वर्षं, अवघड क्षेत्र, आजारपण, पती-पत्नी एकत्रीकरण असे निकष असतात. 'हे गुरुजी गेले तर शाळेतलं गाणं जाईल' असा रकाना त्यात नाही, आणि असावा अशी अपेक्षाही कुणी करू नये. बदली हा शिक्षकाचा हक्क आहे. पण गुरुजी गेले की त्यांनी बसवलेली चाळीस गाणीही त्यांच्याबरोबर जातात, कारण ती कुठे लिहून ठेवलेली नसतात.

दुसरी म्हणजे मानधनावरची माणसं. संगीत विशारद झालेली एखादी ताई, नाहीतर क्लास चालवणारे सर. यांची नेमणूक एका शैक्षणिक वर्षापुरती. एप्रिलमध्ये काम संपतं, मे महिन्यात पैसे नाहीत, जूनमध्ये बोलावणं आलं तर आलं. पत्र नसतं. "बघू, कळवतो" एवढंच असतं. हीच माणसं जूनच्या पहिल्या आठवड्यात दुसरीकडे तास धरतात आणि मग जुलैमध्ये शाळेचा फोन येतो.

तिसरी म्हणजे गावातलं भजनी मंडळ. पखवाज वाजवणारे बाबा, पेटीवाले तात्या, हरिपाठ म्हणणारे माळकरी. आषाढीच्या आधी शाळेची दिंडी निघते तेव्हा मुलांना टाळ धरायला हेच शिकवतात. एक पैसा घेत नाहीत. पण त्यांनाही वर्षाचं कुणी सांगत नाही. दिंडीच्या आदल्या दिवशी निरोप येतो.

तिन्हींत गोष्ट एकच. गाणं माणसावर उभं आहे, पदावर नाही. माणूस हलला की शाळा पुन्हा 'सा' पासून सुरू करते.

हे काही नवं खूळ नाही

शाळेत गाणं म्हणजे इंग्रजी शाळांचं फॅड, असं काहीजण म्हणतात. तसं नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. गाणं हे दरबारातल्या मोजक्या लोकांपुरतं न राहता वर्गात बसून, पुस्तक समोर ठेवून शिकता यावं, हा त्यामागचा विचार होता. पुढे १९३१ मध्ये त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ काढलं. आज आपल्या भागातली पोरं प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या ज्या परीक्षा देतात त्या याच मंडळाच्या. पुण्यात भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये भारत गायन समाजाचा पाया घातला.

समूहगीताचं म्हणाल तर संगीतकार वसंत देसाईंचं नाव घ्यावंच लागेल. 'एक सूर एक ताल' या उपक्रमात त्यांनी हजारो शाळकरी मुलांकडून एकाच वेळी गाणी म्हणून घेतली. 'गुड्डी' या १९७१ च्या चित्रपटातली प्रार्थना आजही कितीतरी शाळांच्या परिपाठात आहे, तिचं संगीत देसाईंचंच. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी आणि साने गुरुजींच्या प्रार्थनेनं खेड्यातल्या मुलांना एकत्र गायला लावलं, तेही याच वाटेवरचं.

दौंड तालुक्यात तर याहून जुना धागा आहे. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात सापडलेल्या मुली आणि बायका केडगावला आणल्या आणि मुक्ती मिशन उभं केलं. तिथे उपासनेत मराठी गीतं एकत्र म्हणण्याची रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. इकडे आपल्या देवळांत काकड आरती, हरिपाठ आणि सप्ताहातलं भजन. धर्म वेगळे, चाली वेगळ्या. पण पन्नास माणसांनी एका सुरात आणि एका तालात म्हणायचं, ही सवय या मातीत आहेच. शाळेला ती बाहेरून आणायची नाही, टिकवायची आहे.

मग शाळेनं गाण्याला वेळ द्यावा का?

याची दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. मुख्याध्यापक म्हणतात, मुलांना वाचता येईना, त्यात निपुण भारतच्या चाचण्या, ऑनलाइन माहिती, पोषण आहार, निवडणुकीची कामं. गाणं कधी घ्यायचं? हे म्हणणं खोटं नाही. दोन शिक्षकी शाळेत एकजण बैठकीला गेला की दुसरा चार वर्ग बघतो.

पण गाण्यासाठी वेगळा वेळ शोधावाच लागत नाही, तो आधीच वेळापत्रकात आहे. रोजचा परिपाठ आहे. त्यात ५२ सेकंदांचं राष्ट्रगीत आहे, प्रार्थना आहे आणि १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीतही आहे. राजा बढे यांनी लिहिलेलं, श्रीनिवास खळे यांनी चाल लावलेलं आणि शाहीर साबळे यांनी गायलेलं 'जय जय महाराष्ट्र माझा' हे ते गीत. दुसरं म्हणजे मार्च २०२४ मध्ये शासनानं पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आणला. शनिवारी दप्तराचं ओझं कमी आणि कृती जास्त, असा त्याचा अर्थ. वेळ मिळाला, माणूस मिळाला नाही. मग कितीतरी ठिकाणी मोबाइल स्पीकरला लावतात आणि मुलं मागून म्हणतात.

मोबाइलवरचं गाणं मोठ्या माणसाच्या पट्टीत असतं. पुरुष गायकाचा सूर साधारण काळी एक, काळी दोनच्या आसपास. मुलांचा गळा त्याहून वर, बायकांच्या पट्टीजवळ. ती पट्टी मुलांना बसत नाही. मग एकतर खाली घोगरं म्हणतात, नाहीतर वर ओरडतात. ओरडलं म्हणजे जोशात म्हटलं, असं आपल्याला वाटतं. घसा मात्र पोरांचा बसतो. पट्टी ठरवायला माणूसच लागतो. यंत्राला समोरचं पोर ऐकू येत नाही.

दहावीच्या गुणांचा मुद्दाही पालकांनी लक्षात घ्यावा. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य, लोककला आणि चित्रकला यांत ठरलेल्या परीक्षा किंवा सादरीकरण पूर्ण केलं, तर दहावीला वाढीव गुण मिळतात. त्यासाठी प्रमाणपत्रं जोडून शाळेमार्फत मंडळाकडे मुदतीत प्रस्ताव जावा लागतो. शास्त्रीय संगीताच्या परीक्षा एका वर्षात होत नाहीत, पायरीपायरीनं द्याव्या लागतात. पाचवी-सहावीत सुरुवात केली तर दहावीपर्यंत जमतं. नववीत जाग आली तर उशीर झालेला असतो. शहरातल्या पालकाला हे क्लासवाला सांगतो. खेड्यातल्या पालकाला शाळेनं नाही सांगितलं तर कुणी सांगत नाही, आणि पोराचे हक्काचे गुण जातात.

एप्रिलमध्ये करायची कामं

गाणारी शाळा जूनमध्ये तयार होत नाही, एप्रिलमध्ये होते. खर्च न करता होण्यासारखी कामं बरीच आहेत.

पहिलं, गाण्याची वही. वर्षभरात जी गाणी बसवली त्यांचे शब्द, पट्टी, ताल, सुरुवात कोणी करायची, हे एका जाड वहीत लिहून ती शाळेच्या दप्तरी जमा करायची. शेवटच्या आठवड्यात मुलांकडून गाणी म्हणवून घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड करायची आणि शाळेच्या संगणकात ठेवायची. गुरुजींची बदली झाली तरी नव्या गुरुजींना धागा सापडतो.

दुसरं, आवाजाची यादी. चौथी, सातवी किंवा दहावीची पोरं शाळा सोडणार. तीच बहुतेक पुढे उभी राहून गाणारी असतात. त्यांच्या जागी कोण, हे आताच ठरवायचं. तिसरी आणि सहावीतल्या दोन-तीन मुलांना शेवटचे पंधरा दिवस सुरुवात करायला लावायची. सातवी-आठवीच्या मुलग्यांचा आवाज फुटायला लागतो. त्यांना "तुझा गळा गेला" म्हणून रांगेतून काढू नये. खालच्या सुरात म्हणू द्यावं, नाहीतर ढोलकी, खंजिरी, टाळ हातात द्यावा. त्या वयात गाण्यातून उठवलेलं पोर सहसा परत येत नाही.

तिसरं, वाद्यं. हार्मोनियमचा भाता फाटला असेल, पट्ट्या अडकत असतील, ढोलकीची पुडी ढिली असेल तर दुरुस्ती मे महिन्यातच करावी. कपाटात ठेवताना खाली वीट घालावी, वाळवी आणि उंदीर दोन्ही बघावेत. पाऊस लागल्यावर पेटी सर्द होते आणि मग ऑगस्टमध्ये धावपळ.

चौथं, वर्षाचं वेळापत्रक. जूनच्या मध्याला प्रवेशोत्सव, मग आषाढीची दिंडी, १५ ऑगस्ट, ५ सप्टेंबर, २ ऑक्टोबर, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन, ३ जानेवारीची सावित्रीबाई जयंती, २६ जानेवारी, १९ फेब्रुवारी, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, १४ एप्रिल, १ मे. आषाढी सोडली तर या तारखा बदलत नाहीत. तरी दरवर्षी सराव चार दिवस आधी सुरू होतो. आपल्या पट्ट्यात १ जानेवारीला विजयस्तंभाच्या अभिवादनामुळे पुणे-नगर रस्त्याची वाहतूक वळवली जाते, बाहेरून येणाऱ्या शिक्षकाला पोचणं अवघड जातं. त्यामुळे २६ जानेवारीची गाणी डिसेंबरच्या मध्यालाच बसायला घ्यावीत.

पाचवं, ऊसतोडीची पोरं. दिवाळीनंतर बीड, नगर भागातली कुटुंबं कोपीवर येतात, त्यांची मुलं आपल्या शाळांत बसतात आणि हंगाम संपला की जातात. यांना समूहगीतात घेत नाहीत, कारण "कार्यक्रमापर्यंत असतील की नाही". खरं तर राज्यगीत आणि राष्ट्रगीत त्यांना आपल्या गावच्या शाळेतूनच येत असतं. नव्या शाळेत, नव्या माणसांत पहिल्याच दिवशी जमेल असं त्या पोरापाशी काही असेल तर ते हेच. त्याला रांगेत उभं करायला कुठला आदेश लागत नाही.

पैसा कुठून येऊ शकतो

इथे गावकऱ्यांनी नियम समजून घेतला पाहिजे. समग्र शिक्षा अभियानात शाळेला पटाप्रमाणे संयुक्त शाळा अनुदान आहे. ३० पर्यंत पट असेल तर १० हजार, ३१ ते १०० ला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार, २५१ ते १,००० ला ७५ हजार आणि त्यापुढे एक लाख. यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्चायचा. वीजबिल, खडू, दुरुस्ती सगळं यातच. खेळाच्या साहित्यासाठी वेगळं अनुदान आहे, प्राथमिकला पाच हजार, उच्च प्राथमिकला दहा हजार, माध्यमिकला २५ हजार. गाण्याच्या साहित्याला असं वेगळं खातं शाळेच्या पातळीवर नाही. म्हणून पेटी दुरुस्तीचा नंबर वीजबिलानंतर लागतो.

ग्रामपंचायतीकडे येणाऱ्या निधीचं गणित वेगळं. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे द्यायचे २९ विषय आहेत, त्यात शिक्षण आहे आणि सांस्कृतिक कार्यही आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून गावाच्या गरजेची कामं करता येत होती, पण त्यातून पगार आणि आस्थापना खर्च करायला मनाई होती. म्हणजे गावानं शाळेला नवी हार्मोनियम घेऊन द्यायला वाट होती, ती वाजवायला शिकवणाऱ्याचं मानधन द्यायला नव्हती. म्हणूनच वस्तू येतात आणि तशाच पडून राहतात. उद्घाटनाचा फोटो निघतो, पुढच्या वर्षी पेटीवर धूळ.

मग मानधन कशातून? दोन वाटा आहेत. एक, ग्रामपंचायतीचा स्वनिधी, म्हणजे घरपट्टी आणि इतर करांतून आलेला गावाचा स्वतःचा पैसा. त्यातला दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचाच असतो. रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर, कुरकुंभ या कारखानदारीच्या पट्ट्यातल्या गावांचं कराचं उत्पन्न लहान गावांपेक्षा जास्त. तिथे ग्रामसभेनं ठराव करून आणि पंचायत समितीकडून नियम तपासून घेऊन असा खर्च मांडता येतो का, हे विचारायला हरकत नाही.

दुसरी वाट कंपन्यांची. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. शिक्षण आणि कला-संस्कृती दोन्ही त्या यादीत आहेत. पण गावं कंपनीकडे जातात ती वर्गखोली, संगणक, कमान मागायला. चार-पाच शाळांनी मिळून 'एक संगीत शिक्षक, तीन वर्षांसाठी' असा प्रस्ताव दिला तर तो इमारतीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. चार शाळा, प्रत्येकी आठवड्याला चार तासिका, तासिकेला २०० रुपये धरले तरी वर्षाला एका शाळेचे २८,८०० आणि चौघींचे मिळून १,१५,२०० रुपये होतात. शिकवणाऱ्याला महिन्याला साडेनऊ हजारांच्या पुढे मिळतात. पोट पूर्ण भरत नाही, पण क्लास आणि कार्यक्रमांच्या जोडीला टिकून राहण्याइतकं होतं.

यात 'तीन वर्षं' हा शब्द महत्त्वाचा. एका वर्षात पोरं सूर ओळखायला लागतात, दुसऱ्या वर्षी धरतात, तिसऱ्या वर्षी नव्यांना शिकवतात. दरवर्षी माणूस बदलला तर शाळा कायम पहिल्याच वर्षात राहते.

नेमणूक करताना कागद पक्का हवा

मानधनावर कुणाला घेताना ओळखीवर भागवू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना झाल्यानंतर शासनानं शाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी सक्तीची केली. कंत्राटी आणि बाहेरून येणाऱ्यांनाही ती लागते. ती मिळायला वेळ जातो, म्हणून अर्ज मे महिन्यातच केलेला बरा. यात शिकवणाऱ्याचा अपमान नाही. पोरांची काळजी आहे आणि त्याच्याही अंगाला काही लागू नये याची सोय आहे.

दुसरा कागद नेमणुकीचा. आठवड्याला किती तासिका, तासिकेला किती रुपये, पैसे कुठल्या तारखेला आणि खात्यावर, कार्यक्रमाच्या जादा सरावाचं काय, पुढच्या वर्षीचं कधी कळवणार. पाच ओळी पुरतात. आज कितीतरी ठिकाणी जानेवारीचं मानधन एप्रिलमध्ये मिळतं आणि मागायची लाज शिकवणाऱ्यालाच वाटते. "कलेसाठी करतोय" म्हणणाऱ्याच्या घरीही गॅसची टाकी संपते.

निदान एवढं तरी व्हावं, की ३० एप्रिलच्या आत मुख्याध्यापकांनी समोर बसवून सांगावं, "जूनमध्ये या" किंवा "यंदा जमणार नाही". नकार एप्रिलमध्ये कळला तर माणूस दुसरी सोय करतो. जूनमध्ये कळला तर त्याचं वर्ष जातं.

शिकवणाऱ्याचीही सुट्टी

वर्षभर चाळीस-पन्नास पोरांवर आवाज चढवून शिकवणाऱ्याचा घसा एप्रिलपर्यंत ओढलेला असतो. त्यात हा जत्रांचा, लग्नांचा आणि हरिनाम सप्ताहांचा हंगाम. मानधन बंद झालेल्या दोन महिन्यांत याच कार्यक्रमांवर कितीतरी कलाकारांचं घर चालतं. रात्री जागरण, दिवसा प्रवास. मग जूनमध्ये बसलेल्या गळ्यानं शाळा सुरू. शिकवणाऱ्यानं निदान पंधरा दिवस तरी गळ्याला विश्रांती द्यावी, कोमट पाणी प्यावं, सतत खरखर राहिली तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवावं.

सुट्टीत स्वतःसाठीही शिकावं. गांधर्व मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर. अडकलेली एखादी पायरी पुढच्या सत्रासाठी धरता येते. गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून जात्यावरच्या ओव्या, भारुडं, जुन्या चाली रेकॉर्ड करून घेता येतात. त्या म्हाताऱ्या आजी पुढच्या एप्रिलला असतीलच असं नाही. नवीन गाणी कुठून आणायची, याचं उत्तर बऱ्याचदा शेजारच्या आळीतच असतं.

१ मेला कुणाला काय विचारायचं

अनेक गावांत १ मेला निकालही असतो आणि ग्रामसभाही. पालक त्या दिवशी शाळेत येतातच. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळा विकास आराखडा करायचा अधिकार याच समितीचा आहे. त्या आराखड्यात शौचालय, कंपाउंड, पाण्याची टाकी लिहिली जाते, ती हवीच. त्याखाली एक ओळ गाण्याची लिहायला कुणी अडवलेलं नाही.

समितीतल्या आईबापांनी तीनच प्रश्न विचारावेत. यंदा बसवलेली गाणी वहीत उतरवली का? जूनमध्ये शिकवणारं माणूस ठरलं का, आणि त्याला तसं सांगितलं का? त्याचे मागचे पैसे दिले का?

या तिन्हींची उत्तरं 'हो' असतील तर १५ ऑगस्टची काळजी करायचं कारण नाही. 'नाही' असतील तर अजून सुट्टी लागलेली नाही, मुख्याध्यापक शाळेतच आहेत आणि पेटीही अजून कपाटाबाहेर आहे.